उत्तरेची भिंत

अख्खं लाकडी घर दुसऱ्यांदा ट्रकवर चढणार होतं, आणि व्हर्ना हीननला आता त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. सामान बांधूनच अर्धी झाली होती.

घर तिच्या आजोबांनी बांधलेलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ते इंग्लंडहून न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतात आले ते घराचा नकाशा बरोबर घेऊनच. तिकडे ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून व्हरांडा, रंगीत काचा, दिवाणखाना सगळं दक्षिणेला. इथे ऊन उत्तरेचं, हे त्या नकाशाच्या गावीही नव्हतं. उत्तरेच्या वाट्याला आली स्वयंपाकघराची बंद भिंत. व्हर्नाच्या आईने जन्मभर त्या भिंतीकडे तोंड करून भांडी घासली. खिडकी मागून मागून थकली, तेव्हा घराच्या रंगाचे उरलेसुरले डबे घेऊन तिने भिंतीच्या फळ्यांवर पलीकडचे डोंगर रंगवले. पिवळं गवत, निळ्या घळी, माथ्यावर बर्फ.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा घर मधोमध कापून ट्रकवरून वर टेकडीवर आणलं. वडील म्हणाले, "होतं तसंच ठेवा, तोंड रस्त्याकडे." रस्ता पुन्हा दक्षिणेलाच. आई पुन्हा त्याच भिंतीसमोर भांडी घासू लागली.

आता त्या भिंतीपायी शहरातल्या कलादालनाने घर मागितलं होतं. तिथला रस्ता उत्तरेला, म्हणजे तोंड रस्त्याकडे केलं की स्वयंपाकघर दक्षिणेच्या सावलीत. निदान या खेपेला स्वयंपाकघर उन्हात येऊ द्या, असं व्हर्नाने दोन बैठकांत विनवून पाहिलं. कोणी मनावर घेतलं नाही. आज कलादालनाच्या समितीच्या लॉर्ना ट्वीडी सहीसाठी नव्या जागेचा नकाशा घेऊन हजर झाल्या.

"तोंड रस्त्याकडेच हं, व्हर्ना. लोकांना व्हरांडा नको का दिसायला?"

"ठेवा कसंही," व्हर्ना म्हणाली. भांडायचं त्राण कोणात होतं?

घर हलवणारा डायन आतून ओरडला, "मावशी, चित्राच्या फळ्या एकेक सोडवून नेतो. ट्रकवर हादरे नकोत."

फळ्या निघाल्या. मग घर उचलायची लोखंडी तुळई आत घ्यायला त्याने बाहेरच्याही काही काढल्या, आणि हिवाळ्यातलं कलतं ऊन सरळ आत आलं. आईच्या पायांनी झिजलेल्या जमिनीवर पडलं. समोर ते डोंगर उभे होते.

डायनने शीळ घातली. "आजीबाईंनी हुबेहूब काढलंय की! काय हात होता!"

"सगळे हेच म्हणायचे." व्हर्ना म्हणाली. "बाई खिडकी मागत होती रे. आणि आम्ही चित्राचं कौतुक करत बसलो."

लॉर्नाबाईंनी पेन पुढे केलं.

"स्वयंपाकघर उत्तरेला आणि इथे खिडकी," व्हर्ना म्हणाली. "नाहीतर घर इथून हलणार नाही."

"अगं, मग रस्त्यावरून घराची पाठ दिसेल! मोरीचे पाइपसुद्धा!"

"दिसू देत."

"आणि चित्र?"

"पुढच्या गार खोलीत लावा. त्याला थंडी वाजत नाही."

लॉर्नाबाईंनी सुस्कारा सोडला, नकाशा उलटा फिरवून पाहिला आणि कोपऱ्यात खिडकीचा चौकोन काढला. व्हर्नाने सही केली. मग बांधलेल्या सामानातून आईची खुर्ची ओढून काढली आणि भगदाडासमोर बसली.

"ताडपत्री लावू का, मावशी? वारा येतोय."

"ट्रक येईपर्यंत राहू दे," ती म्हणाली.