आमच्या वस्तीचा शोध

आमच्या वस्तीचा शोध उमरग्याच्या महांतप्पा मालकांनी लावला. हसू नका, खरंच लावला. नारळ फुटला, शाल मिळाली, टाळ्या बी वाजल्या. आमी तिथं आज्या-पनज्यापासनं ऱ्हात हुतो ही गोष्ट तेवढी कुनाला ठावं न्हवती, आमाला सोडून.

मालकांचं किरान्याचं मोठं दुकान. त्यांच्या घरी दर बाजाराला म्या तूप घालायची. त्यांची बायको इरम्मा अक्का तूप हुंगून, बोट चाटून, नाक मुरडून बघस्तवर म्या ओसरीच्या कडंला टेकायची. ओसरीवर मालकांचं वाचन चाललेलं आसायचं. सोलापुरावनं इतिहासाची बुकं मागवायचे. राजा-गादीची न्हवं, गोऱ्या साहेबांच्या सफरींची. कोन जहाज घेऊन दर्यापार गेला, कोन बर्फात शिरला, कुठं रानटी लोकांशी लढाई झाली, सगळं त्यात. गावातले शेट-सावकार तक्क्याला टेकून ऐकायचे, पान जमवायचे, आन् जहाज बुडाया लागलं की "अरारारा" करायचे.

खोटं कशाला बोलू, मला बी लई आवडायचं. दर्या म्या जन्मात बघितला न्हाय, पन त्या साहेबाच्या जहाजावरचं गोडं पानी सरलं तवा माझ्याच घशाला कोरड पडली. एकदा ऱ्हावलं न्हाय म्हनून इचारलं, "मालक, साहेब यायच्या आधी त्या मुलखात मानसं न्हवती व्हय?"

"होती की. रानटी."

"मग त्यास्नी ठावं आसंल की, आपन कुठं ऱ्हातो ते."

सगळे खदाखदा हसले. मालक चष्म्यावरनं बघत म्हनले, "बाई, ठाऊक असणं वेगळं आणि शोध लागणं वेगळं. चारचौघांत जाहीर झाल्याशिवाय शोध होत नाही. तू तूप बघ."

म्या गुमान तूप बघितलं.

वाचून वाचून मानसाचं डोस्कं कवा फिरंल सांगता येत न्हाय. तिकडं जर्मनची लढाई पेटली हुती. सोलापुरावनं नवी बुकं यायची बंद झाली. मालकांनी तीच तीच बुकं परत परत वाचली, आन् एक दिस उठून जाहीर केलं की आता आपनच सफरीला निघायचं. कुठं? तर गावाबाहेरच्या ओढ्याचं मूळ हुडकाया.

दोन बैलगाड्या निघाल्या. त्यात होकायंत्र, दुर्बीन, छत्र्या, तक्के, कडक भाकऱ्यांची चळत आन् शेंगाच्या चटनीचा डबा. इरम्मा अक्का मला म्हनली, "येवढ्या सामानात एक लगीन उरकलं आसतं बघ."

ज्या वाटंनं म्या डोक्यावर तुपाचं गाडगं घेऊन बाजार भरायच्या आत पोचते, त्या वाटंवर हे लोक दोनदा चुकले. होकायंत्र हुतं ना जवळ! दिवस कलल्यावर आमच्या बांधावर उगवले, पाय सुजलेले, तोंडं लालभडक. ओढ्याचं मूळ म्हंजी आमच्या गोठ्यामागचा पाझर, आमच्या म्हशी लोळत्यात तो. मालकांनी टोपी काढून त्या चिखलाला हात जोडले आन् बाटलीत पानी भरून घेतलं.

माझा नवरा कोंडीराम बैलास्नी वैरन टाकत हुता. मालकांनी लांबनंच हात वर करून त्याला थांबवलं आन् हातवारे करत एकेक शब्द तोडून इचारलं, "तुम्ही. कोण. लोक?"

कोंडीराम दर साली त्यांच्याच दुकानात मिरच्या घालतो. त्यो घाबराघुबरा हून म्हनला, "मालक, म्या कोंडीराम. ऊन लागलं का तुमाला?"

त्यावर मालकांनी त्याच्या हातात एक आरसा ठिवला आन् पोरास्नी काचंचे मनी वाटले. बुकात तसंच करत्यात. म्या चुलीपासनं हाक मारली, "मालक, म्या द्वारका! तूपवाली!" त्यांनी बघून न बघितल्यागत केलं. वळखीच्या मानसाचा शोध कसा लावनार? मग बांधावर काठी रोवून त्यांनी वस्तीचं नाव महांतपूर ठिवलं. वस्तीला आधीचं नाव हुतं, पन ते कुनी इचारलं न्हाय. आमचंच दूध पिऊन, वाट दावायला आमच्याच कोंडीरामाला म्होरं घालून सगळे माघारी गेले.

तितवर मला हसूच येत हुतं.

आमची पाच-सात घरं दोन गावांच्या शिवंवर, ओढ्याच्या बेचक्यात. ह्या गावचा पटवारी म्हनायचा, ती वस्ती तिकडची. तिकडचा म्हनायचा, इकडची. सरकारदरबारी आमी न्हवतोच. आन् लढाईपायी सरकारनं लेव्ही, म्हंजी धान्याची सक्तीची वसुली, लावली हुती. लोकांच्या घरात शिरून ज्वारी उचलून न्यायचे, कनग्या झाडून रिकाम्या करायचे, दडवलेलं सापडलं तर बेड्या घालायचे. आमच्याकडं कुनी फिरकलं न्हाय. त्या उपासमारीत बी आमची पोरं पोटभर भाकर खात हुती. येवढंच आमचं सुख, पन लई मोठं.

मालकांनी उमरग्यात सभा भरवली. अध्यक्ष म्हनून मोठा अंमलदार आनला. इरम्मा अक्कानं मागनं मला सगळं सांगितलं. मालक घटकाभर बोलले: काळी कसदार जमीन, न आटनारा पाझर, ज्वारीनं शिगोशिग भरलेल्या कनग्या, "आणि हा मुलूख आजवर कुठल्याही दप्तरात नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अंमलदारानं मालकांच्या खांद्यावर शाल घातली आन् कानाशी वाकून इचारलं, "किधर बोले आप?"

आठ दिसांत लेव्हीचे लोक आले. होकायंत्र न्हवतं, म्हनून न चुकता आले. मागच्या सालांची बाकी धरून सगळ्या घरांतली ज्वारी गाड्यांत भरली, बियाची मडकी सुदीक सोडली न्हाईत. आमच्यातला म्हातारा नागप्पा कनगीत वाकून बघतच ऱ्हायला. म्होरली सुगी यायला आख्खा उन्हाळा, आख्खा पावसाळा बाकी. पोरास्नी काय शिजवून घालू, दगड?

बाजाराच्या दिशी तडक मालकांच्या ओसरीवर गेले. बैठक भरलेली हुती. म्हनलं, "मालक, तुमच्या तोंडानं गेलं, आता तुमच्याच तोंडानं माघारी आना. अंमलदाराला सांगून खायापुरती तरी सोडवा."

मालक बुकात बोट घालून बसले हुते. ते बोट बी काढलं न्हाय. "बाई, इतिहासात असं होतंच. शोध लागला की तिथल्या लोकांना सुरवातीला थोडी झळ बसते. पुढं सडक येते, शाळा येते."

"सडक खाऊ का मालक?"

"अडाणी माणसाला इतिहास कळत नाही," मालक म्हनले आन् पान उलटलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इरम्मा अक्कानं मला मागच्या दारी नेऊन ताक दिलं. बसल्या बसल्या गोठ्याकडं नजर गेली. कडब्याची गंज जागची सरकलेली, आन् तिच्या बुडाला परातीयेवढा गोल, नव्या शेनानं सारवलेला. जमिनीत खड्डा घेऊन ज्वारी पुरून ठिवली, पेव भरलं, की त्याचं तोंड असंच बुजवत्यात. कुनब्याच्या लेकीला हे सांगाया लागत न्हाय. म्या अक्काकडं बघितलं. अक्का आढ्याकडं बघाया लागली.

"आनखी ताक घे," म्हनली.

ताक तसंच ठिवलं आन् ओसरीवर आले. बुकातला साहेब नुकताच कुठल्यातरी बेटावर उतरला हुता.

"थांबवा वाईच त्याला. म्या बी शोध लावलाय."

सगळे हसले. कापडवाला गुंडप्पा म्हनला, "कशाचा गं? तुपाचा?"

"पेवाचा. इथंच, उमरग्यात. ज्वारीनं भरलेलं, आन् कुठल्याच दप्तरात न्हाय."

हसू जागच्या जागी थांबलं.

"कुनाच्या घरी ते आत्ता सांगत न्हाय. सभा भरवा, अंमलदाराला बोलवा, तिथं सांगते. मला बी नारळ पायजे, शाल पायजे. जाहीर झाल्याबिगर शोध होत न्हाय म्हनं."

मालकांनी बूक मिटलं. आवाज एकदम खाली आला. "द्वारकाबाई, प्रत्येक शोध सांगायचा नसतो."

"मग आमचा का सांगितला?"

तक्क्याला टेकलेला एकेकजन सरळ हून बसला. पान खानाऱ्यांची तोंडं चालायची थांबली. म्या म्हनलं, "उंद्या दुपारपत्तुर वस्तीवर ज्वारी पोचली पायजे. न्हाय पोचली तर म्या आपली अंमलदाराकडं चालले." आन् गाडगं उचलून वाटंला लागले. सारी वाट मागं वळून वळून बघत हुते. उलटून त्यांनीच काही केलं आसतं तर?

दुसऱ्या दिशी दुपारच्या आत कडब्याखाली पोती दडवून गाडी आली. मालकांची हुती, ती येनारच हुती. तिच्या मागनं गुंडप्पाची आली. मग सावकाराची आली. मग बैठकीतल्या पेंडवाल्याची. एक बी वाट चुकली न्हाय.

पोती उतरून घेताना कोंडीराम माझ्या कानाशी लागला. "अगं, तू पेवं बघितलीस तरी किती?"

"म्या एकच बघितलं, अवो. बाकीची त्यांची त्यांनीच दावली."