गोधडीतली बर्फपेटी

मी एक जुनी बर्फपेटी आहे. मित्रांनो, मला डबा म्हणाल तर माझ्याइतकी वाईट कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवते. डब्यात लोक भाकरी बांधून नेतात. माझ्या पोटात शेकडो लेकरांचं रक्त जपून राहिलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेरून निळं अंग, आतून पांढरं, आणि दोन्हींच्या मधे घट्ट फेस भरलेला. बाहेर मे महिना कितीही भाजत असो, माझ्या आतला बर्फ दिवसभर हूं की चूं करत नाही. त्या फ्रिजबाईचा तोरा बघा; पण लाइट गेली की गळायला लागते. मी कधी विजेची मिंधी नव्हते. गर्व वाटला तर वाटू द्या, खरं ते खरं.

मला १९९७ साली डॉक्टर पंचफुलानं आणलं. ती हिंगोलीकडच्या हट्टा गावची, बौद्ध वस्तीतल्या जळबाची लेक. तिचा धाकटा भाऊ लहानपणी हातापायांच्या ठणक्यानं गेला. गावात त्याला वात म्हणायचे. डॉक्टरकी शिकताना तिला त्या वाताचं खरं नाव कळलं, सिकलसेल. यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि लेकरू दुखण्यानं लोळायला लागतं. थंडीत तर जास्तच. आपल्या भागात हा आजार किती घरांत लपून बसला आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आपण शोधायचं, असं तिनं ठरवलं.

ठरवायला काय जातं! संशोधनाला सरकारचं अनुदान लागतं, आणि ते प्रसादासारखं वाटत नाहीत, जिंकावं लागतं. देशभरातले हुशार लोक आपापले प्रस्ताव दिल्लीला पाठवतात. त्यातले मोजके बोलावले जातात आणि लांब टेबलामागे बसलेली समिती त्यांना उभं करून उलटसुलट विचारते. पंचफुलाचा प्रस्ताव दोनदा परत आला. हिंगोलीसारख्या ठिकाणी कुठं संशोधन होतं का, असं म्हणे तिथले एक गृहस्थ म्हणाले. तिसऱ्या खेपेला तिनं अनुदान मिळवलंच, आणि त्यातली पहिली खरेदी मी. माझ्या कुशीवर प्रकल्पाचा नंबर रंगवला, तेव्हा अंगावर दागिना चढल्यासारखं वाटलं. पण त्यात एक मेख होती. अनुदान तीन वर्षांचं, पण दुसऱ्या वर्षाअखेर काम दाखवायचं. समितीला पटलं तर पुढचं वर्ष, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

हिंगोलीत तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. एकीत तपासणीची यंत्रं, दुसरीत ती. भीमराज नावाचा मदतनीस जीप चालवायचा. संध्याकाळी तो घरी गेला की उरायचो आम्ही दोघी. दिल्लीच्या प्रश्नांची तयारी म्हणून ती मला खुर्चीवर बसवायची आणि समोर उभी राहून इंग्रजीत उत्तरं द्यायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी तोंड मिटून, मान न हलवता ऐकायचे. खऱ्या समितीतले निम्मे लोकही असेच बसतात, असं ती म्हणायची.

शेजारीण शालूबाई दारातून विचारायची, "मॅडम, एकट्याच कुणाशी बोलून राहिल्या?"

"साहेबाशी," पंचफुला माझ्याकडे बोट करायची.

शालूबाई हसत जायची. मग खोली पुन्हा गप्प व्हायची. त्या गप्पपणात पंचफुला एकटी जेवायची, आणि मी बघत राहायचे.

दुसऱ्या वर्षाचा हिवाळा आला. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजूच्या एका बंजारा तांड्यावरचे नमुने तेवढे बाकी होते. सगळा हिशोब त्यांच्यावर अडला होता. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, किसनसिंग यांनी लोकांना गोळा केलं. पुढं आली जिवनबाई, कडेवर नातू सुदाम. हाडांचा सापळा झालेलं पोरगं, पण डोळे टपोरे. तांड्यात आईला याडी म्हणतात, म्हणून पंचफुलाही तिला याडीच म्हणाली.

"याडी, ह्याला थंडी लागू देऊ नका. ह्या रगताला थंडी सोसत न्हाई. गोधडीत ठेवा, ऊब द्या."

"व्हय बाई," म्हणत म्हातारीनं सुदामला पदरात ओढलं.

सुदामच्या आणि बाकीच्यांच्या रक्ताच्या नळ्या माझ्यात रचल्या. पलीकडच्या तांड्यावर एक आजारी लेकरू बघायला जायचं होतं; वाट खडकाळ होती, गचक्यांनी नळ्या फुटल्या असत्या. म्हणून पंचफुलानं मला जिवनबाईच्या झोपडीत ठेवलं. "याडी, ही पेटी तुमच्या भरवशावर. कुणाला हात लावू देऊ नका," एवढं सांगून ती गेली. आत काय आहे आणि ते तसं का, आमच्या बोलीत काहून, ठेवलंय, हे सांगायचं राहून गेलं.

जिवनबाईनं इमानानं पहारा दिला. कोंबड्या हाकलल्या, पोरांना दटावलं. पण दुपारी सुदाम कण्हायला लागला. म्हातारीचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिनं झाकण उघडून आत हात घातला आणि विंचू चावल्यासारखा मागं घेतला.

"आगं माय! लेकराचं रगत बर्फात!"

मग तिनं तेच केलं, जे कुठल्याही आजीनं केलं असतं. बर्फाच्या थैल्या अंगणात फेकल्या. आरशांच्या टिकल्या टाचलेली आपली गोधडी आणली, माझ्याभोवती घट्ट गुंडाळली आणि मला चुलीजवळ सरकवलं. वरून हात फिरवत राहिली, पोराला थोपटावं तशी.

मित्रांनो, मी थंडीसाठी घडलेली बाई. मला जवळ कोण घेणार? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला गोधडीत घेतलं, आणि त्याच उबेनं माझ्या पोटातलं सगळं काम नासत होतं. ओरडायला तोंड नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, ऊब बरी वाटत होती.

ऊन कलताना पंचफुला परतली. अंगणात कोंबड्या बर्फाच्या थैल्यांवर चोची मारत होत्या.

"याडी, हे काय केलं?"

"तूच म्हणाली न बाई, ह्या रगताला थंडी सोसत न्हाई म्हणून? अन तूच बर्फात घालून गेली! हिकडं सुदामला कुडकुडी भरली तं कोण निस्तरंल?"

भीमराजनं कपाळावर हात मारला. "आता काय करावं हिला! अगं आजी, नळीतलं रगत येगळं, अंगातलं..."

"रगत रगताला वळखतं, बाबा."

पंचफुला गोधडीसकट माझ्यावर मटकन बसली. रागावली नाही, रडली नाही. नळ्या काळपट पडल्या होत्या. पुन्हा रक्त द्याल का, असं तिनं किसनसिंगांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, एकदा दिलं ते नासलं. आता दुसऱ्यांदा सुई कोण टोचून घेतंय?"

परतताना जीपमधे भीमराज हळूच म्हणाला, "तांड्याचे आकडे अंदाजानं भरून टाकू. दिल्लीवाला कशाला येतो बघायला?"

"तुमच्या लेकराची तपासणी अशी अंदाजानं केलेली चालंल का तुमाला?"

भीमराजनं गिअर बदलला आणि जीप हिंगोलीच्या वाटेला लावली.

दिल्लीला तिनं सगळं खरं सांगितलं. कुणाच्या हलगर्जीपणानं नमुने नासले, असं समितीनं विचारलं. ती म्हणाली, "माझ्या." गोधडीचं ऐकून एकजण हसला. तिसरं वर्ष काही मिळालं नाही.

त्याच उन्हाळ्यात हिंगोलीचा जिल्हा झाला. गावात गुलाल उधळला, फटाके वाजले, आणि पंचफुलानं दोन खोल्यांना कुलूप लावलं. ती नांदेडकडच्या एका कॉलेजात शिकवायला गेली. मी पडले सरकारी मालमत्ता, मला नेता येईना. एका अडगळीच्या खोलीत फिनेलच्या बाटल्यांशेजारी माझी रवानगी झाली. कुणी माझ्यात झाडू ठेवले. एका मांजरीनं पिल्लं घातली. माझ्या थाटाची ही शोभा! पिल्लं मोठी होऊन निघून गेली, तेव्हा मात्र वाईट वाटलं. अंधारात मी पंचफुलाची इंग्रजी उत्तरं घोळवत बसायचे. अर्थ कळत नव्हता, पण आवाज तिचा होता.

तिकडं ती दर वर्षी प्रस्ताव पाठवत होती आणि तो दर वर्षी परत येत होता, हे मला नंतर कळलं.

२००५ साली दार उघडलं. पंचफुलाच्या केसांत चांदी आली होती. तिनं मला बाहेर ओढलं, सोडा घालून घासलं आणि दिल्लीची हकिगत मलाच आधी सांगितली. समितीत एक जुने डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "त्या गोधडीवाल्या तुम्हीच का?"

"हो, मीच."

"या खेपेला पेटी कुणाच्या हवाली करणार?"

"त्याच बाईंच्या. पण आधी सगळं सांगून. रक्त घेण्याआधी तांड्यावर बसून बोलायला लागणारे दिवस मी प्रस्तावात मागितले आहेत."

या वेळी कुणी हसलं नाही. अनुदान मिळालं.

नव्या अनुदानातून नवी, चकचकीत पेटी आली. आता पुन्हा झाडूच नशिबी, असं मला वाटलं. पण तांड्यावर म्हातारी जिवनबाई अडून बसली. "ही कोन सटवी? मला माझी पेटी पायजे. तिची माझी वळख हाय."

मग काय थाट माझा! पंचफुलानं दिवसभर बसून सगळं समजावलं, आणि पुढं जिवनबाईच दुसऱ्यांना समजवायला लागली. एकदा खुद्द किसनसिंग झाकण उचलायला गेले, तर ती कडाडली, "नायक, हात मागं! सुदाम गोधडीत, नळी बर्फात! इतकं बी कळत न्हाई?"

आजाराची घरं सापडत गेली, लेकरांना वेळेवर औषधं मिळायला लागली. पंचफुलाचं नाव झालं. मग एका वर्षी जिवनबाई गेली. माझी बिजागरी तुटली, झाकण बसेना, आणि नवी पेटी कामाला लागली. पंचफुला आता दूरच्या गावांना बोलायला जाते. खुर्चीवर बसवून मला कुणी उत्तरं ऐकवत नाही.

मित्रांनो, एक बिजागरी काही सोन्याची नसते, बदलता येते. जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिच्याकडे नीट बघत जा. आणि कुणाच्या भरवशावर काही सोपवाल, तेव्हा घटकाभर टेका, 'काहून' ते सांगा. भरवसा आंधळा असला की मायेनंही नासाडी होते.

मी आता पंचफुलाच्या तपासणी केंद्राच्या ओसरीवर असते. लोक माझ्यावर बसतात, आणि मी बसू देते. थंडी पडली की सुदाम तपासणीला येतो. मिसरूड फुटलेला गडी झाला आहे. आजीची आरशांची गोधडी पांघरून तो माझ्यावरच बसतो. माझा निळा रंग उडाला आहे; आजीची पेटी ती हीच, हे त्याच्या ध्यानात येत नाही. गोधडीचं एक टोक माझ्यावर लोंबतं, आणि त्याची पाळी येईपर्यंत मला ऊब मिळते. आता माझ्यात बर्फ नसतो. त्या उबेनं आता कुणाचं काही नासत नाही.