ब्रेकवरचा पाय

माझा मुलगा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीत दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसलेल्या याच्या पायाशी. इतकी वर्षं त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे आता खाली ब्रेक नसला तरी याचा पाय दाबतोच. ताटात आमटी जरा वरपर्यंत वाढली की टेबलाखाली धप्प. टीव्हीवर कुणी जिन्यावरून पळत उतरलं की धप्प. सून म्हणते, झोपेतसुद्धा दाबतो आणि वर "आरसा बघा" म्हणतो. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणते. मीही आता तेच म्हणते.

सुनेला दिवस गेले तेव्हा आधी आम्ही एका मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. तिथली माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही, पण सगळे तिच्या पोटाशी बोलत होते. तिच्याशी कुणीच बोललं नाही. घरी आल्यावर दोन दिवस ती उगाच कपाटं आवरत बसली. मग म्हणाली, "आई, मला तिथे खूप भीती वाटली. मी जणू कुणाची तरी पिशवी होते."

देवाच्याच मनात असेल, म्हणून बाजारामागच्या प्रसूतिघराचा पत्ता लागला. चार खोल्या, मागे कपडे वाळत घातलेले अंगण, आणि सगळा कारभार एका सुईणताईंच्या हातात. ताई ठेंगण्या, आवाज मात्र घंटेसारखा. पोटाला हात लावण्याआधी त्या आपले तळहात एकमेकांवर चोळून गरम करायच्या आणि विचारायच्या, "लावू का?" आधी विचारायच्या, मगच हात लावायच्या. पहिल्यांदा हे ऐकलं आणि सुनेच्या डोळ्यांत पाणीच आलं. ताईंनी काहीच न झाल्यासारखं दाखवून लाकडाचं एक छोटं नळकांडं काढलं, पोटावर टेकवलं आणि मला म्हणाल्या, "मावशी, कान लावा. नातवंड पळतंय बघा."

मी कान लावला. आत टपटप टपटप चाललं होतं. मागून लगेच धप्प आवाज आला.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"वेग जास्त वाटला," मास्तर म्हणाले.

ताईंनी त्याच्याकडे, मग त्याच्या पायाकडे बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "बाळंतपणाच्या खोलीत मी एकच माणूस घेते. तुला सोबत कोण हवं?"

"हाच," सून म्हणाली. मग माझ्याकडे बघून ओशाळली. "आई, तुम्ही रागावू नका हं. पण हा जवळ असला की मला भीती वाटत नाही."

मला कसला राग! मला तर हायसं वाटलं. आत गेले असते तर हातातली माळ ओढण्यापलीकडे माझ्याकडून काही झालं नसतं.

"हवा तर हवा," ताई म्हणाल्या. "पण परीक्षा घेईन."

परीक्षा बर्फाची होती. ताईंनी फ्रीजमधून बर्फाचा मोठा खडा काढून सुनेच्या मुठीत दिला. "कळ अशीच येते. चढते, टोकाला जाते आणि उतरते. तू बर्फ धरून ठेवायचा आणि लांब श्वास सोडायचा. आणि मास्तर, तुम्ही हिला घाबरवायचं नाही. बाकी काही करू नका."

सुनेनं मूठ मिटली, डोळे मिटले, ओठांचा चंबू करून छान श्वास सोडायला लागली. चार-सहा श्वास मास्तर कसेबसे गप्प बसले. मग तिच्या भुवया जराशा आवळल्या.

"घट्ट धर!" तो ओरडला. "नको, इतकं घट्ट नको! समोर बघ! हळू, हळू, हळू! अगं, थांब म्हणतो ना!" आणि पाय असा दाबला की समोरचं स्टूल गेलं, स्टुलावरचा ट्रे गेला, आणि ट्रेमधलं सगळं सामान खोलीभर नाचत सुटलं. सून दचकली, बर्फ उडाला आणि नेमका माझ्या मांडीवर पडला.

"नापास," ताई म्हणाल्या. "तुम्ही आत आलात तर बाळ माघारी फिरेल."

मास्तर कुठेतरी नापास झाले, ही बातमी त्याच्या शिकाऊ मंडळींत पोचली आणि त्यांच्या आनंदाला उधाण आलं. ज्यांना चढावर गाडी थांबवता येत नाही अशी माणसंसुद्धा वाटेत अडवून त्याला धीर द्यायला लागली. "मास्तर, होतं असं. पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही." दातओठ खात तो ऐकून घ्यायचा.

दुसऱ्या परीक्षेला तो तयारीनं गेला. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि वर खुर्चीच्या पायाला गाठ मारली. सुनेनं बर्फ धरला. भुवया आवळल्या. पाय तर दाबलाच गेला, फक्त या खेपेला खुर्ची आणि मास्तर दोघेही गेले.

खाली पडल्या पडल्या तो म्हणाला, "ताई, मी मुद्दाम करत नाही हो. हिला दुखायला लागलं की वाटतं, काहीतरी करून थांबवावं."

ताई त्याच्या नाड्या सोडवायला बसल्या. हसल्या नाहीत, ते बघून मला बरं वाटलं. म्हणाल्या, "मास्तर, हे थांबवायचं नसतंच. चालू द्यायचं असतं. गाडी ती चालवणार, तुम्ही फक्त शेजारी बसायचं." मग सुनेकडे वळल्या. "पुढच्या आठवड्यात शेवटची परीक्षा. नाही जमलं तर सासूबाई आत येतील. चालेल?"

सून "चालेल" म्हणाली, पण तोंड एवढंसं झालं होतं.

त्या दिवसापासून मी रोजच्या जपात एक माळ वाढवली. मुलगा शाळेत होता तेव्हासुद्धा त्याच्या परीक्षेसाठी मी देवाला इतकं साकडं घातलं नव्हतं. तेव्हा त्याचे गुण बघून देवाला अडचणीत टाकवत नसे.

शेवटची परीक्षा व्हायची होती, पण बाळाला कुठलं वेळापत्रक माहीत! सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. पुष्कळ वर्षांचा नेम आहे. तशी मी माळ घेऊन बसले होते, तेवढ्यात सून दाराशी येऊन उभी राहिली. एक हात कमरेवर, एक भिंतीवर. "आई, सुरू झालंय बहुतेक."

मी उठले. फोन घेतला. मुलाला लावला. त्यानं उचलला. आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. बोलले असते तर देव काही कोपला नसता, हे मलाही कळत होतं. पण इतक्या वर्षांची सवय, जीभ टाळ्याला चिकटून बसली.

"हॅलो? आई? आई, तुझं मौन चालू आहे ना? मग फोन कशाला केलास?" तो म्हणाला. मी नुसतीच श्वास घेत उभी. "आई, तुझं हे नेहमीचंच... थांब. मौनात तू फोन कधीच... अरे देवा! आलो!" आणि फोनमधून धप्प आवाज आला.

गाडी दारात आली तेव्हा तिच्यात चालकाच्या जागी शिवणवाल्या काकू होत्या. बाजाराच्या टोकाला त्यांचं कपडे शिवायचं दुकान आहे. साठी उलटल्यावर गाडी शिकायचं मनात घेतलं आणि त्या सकाळी त्यांचा धडा चालू होता. मास्तर धावत वर आले, सुनेला सांभाळून खाली नेलं, मागे बसवलं, मला तिच्याशेजारी बसवलं, आणि स्वतः दार उघडून सवयीनं आपल्याच जागी बसले. म्हणजे काकूंच्या शेजारी. गाडी हलली तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं.

"अगंबाई, मीच चालवू?" काकू म्हणाल्या.

"थांबा, मी येतो तिकडे," मास्तर म्हणाले. दार उघडायला म्हणून त्यानं काच खाली केली.

"तू बस," सून मागून म्हणाली. "काकू, तुम्हीच चला."

काकूंची उभी हयात पायमशीनवर गेलेली. पाय खाली, पाय वर, पाय खाली, पाय वर. गाडीही तशीच चालली, टाका घातल्यासारखी, पुढे सरक, थांब, पुढे सरक, थांब. "घाबरू नकोस गं पोरी," काकू म्हणत होत्या, "सरळ शिलाई मारते बघ कशी." मी एका हातानं पुढची सीट धरून बसले, पण सुनेला तो ठेका मानवला. त्या ठेक्यावर ती श्वास सोडत होती आणि माझा हात घट्ट धरून होती.

अडचण पुढच्या सीटवर होती. कळ आली की सून कण्हायची. ती कण्हली की मास्तरांचा पाय ब्रेकवर. ब्रेक लागला की आम्ही तिघी पुढे. पुढे आदळलं की सून आणखी कण्हायची, की पुन्हा ब्रेक. भाजीच्या गाड्या ओढणारी माणसं आम्हाला मागे टाकून जात होती. सायकलवरचे एक आजोबा खिडकीशी येऊन म्हणाले, "ढकलू का?"

"अरे, पाय काढ!" शेवटी सून ओरडली. लग्न झाल्यापासून मी तिचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. "मला काही झालेलं नाही! मला नीट चाललंय! ब्रेकवरचा पाय काढ आणि वर घेऊन बस!"

मास्तरांनी दोन्ही पाय उचलले आणि सीटवर चक्क मांडी घातली.

आणि गाडी चालायला लागली हो! काकूंनी कोपरा घेतला, चौक ओलांडला, आणि प्रसूतिघराच्या फाटकात गाडी आडवी घालून थांबवली. फाटकाचा खांब आणि माझं नाक यांत वीतभर अंतर राहिलं असेल. माझ्या तोंडून "देवा!" निघून गेलं. ते नामस्मरणच झालं, तेव्हा त्यानं मौन मोडलं असं मी काही धरत नाही.

सुईणताई पदर खोचून बाहेर आल्या. आधी सुनेच्या पाठीवर हात ठेवला, "लावू का?" विचारूनच, आणि त्या कळेत तिच्याबरोबर उभ्या राहिल्या. कळ ओसरल्यावर म्हणाल्या, "छान सोसतेयस. बाळ खाली आलंय, घाई काही नाही." मग त्यांचं लक्ष पुढच्या सीटकडे गेलं. मास्तर अजून मांडी घालूनच बसले होते, डोळे समोर, हात गुडघ्यांवर, ध्यान लागल्यासारखे.

"हे असे कधीपासून?"

"चौकाच्या अलीकडून," काकू म्हणाल्या.

"आणि ब्रेक?"

"एकदाही नाही."

ताईंनी थोडा विचार केला. सून त्यांच्याकडे बघत होती आणि मी सुनेकडे. तिच्या तोंडावर जे होतं ते बघून मी हात जोडले. कुणापुढे जोडतेय तेही मला ठाऊक नव्हतं.

"मास्तर," ताई म्हणाल्या, "हे असेच आत येऊन बसायचं. मांडी मोडायची नाही. आणि तोंडात घोटभर पाणी धरायचं, म्हणजे सूचना बंद. गिळलंत तर बाहेर."

दार लागलं. काकू आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो, आणि सकाळचा राहिलेला जप मी तिथेच पुरा केला. आत काय चाललंय ते अर्ध्या काचेच्या दारातून सावल्यांसारखं दिसत होतं. जमिनीवर गादी, गादीवर गाल फुगवून बसलेला माझा मुलगा आणि त्याच्या गळ्यात हात टाकून गुडघ्यांवर झुललेली सून. ताई मागून तिची कंबर दाबत होत्या. मधूनच तिला विचारायच्या, "असं बरं वाटतं की कुशीवर?" ती सांगेल तसं करायच्या. एकदा तर त्या तिघांना हसू आलं, म्हणजे दोघींना. मास्तरांना हसायची सोय नव्हती.

दुपार कलली. कळा जवळजवळ यायला लागल्या. सुनेचा आवाज बदलला, खोल झाला. आणि मग ती रडवेली होऊन म्हणाली, "नाही जमणार मला! अरे, बोल ना काहीतरी!"

मला दिसलं, मास्तरांनी फुगलेल्या गालांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी मान डोलावली. गटकन आवाज आला.

"छान चालवतेयस," तो म्हणाला.

काकू बाकावर ताठ झाल्या. "काय म्हणाले?"

"छान चालवतेयस. अगदी छान. मी बसलोय शेजारी."

"इतके महिने शिकतेय मी!" काकू कुजबुजल्या. "मला कधी 'बरं' म्हणाले नाहीत हो!"

मी त्यांचा हात थोपटला. आत तो तेच म्हणत होता, पुन्हा पुन्हा, हळू आवाजात, आणि सून त्यावर श्वास सोडत होती. ताईंचा घंटेचा आवाज आता अगदी मऊ झाला होता. "आता जोर नको, नुसतं फुंक. हां. हां गं माझी बाई. हात खाली घे, बघ कोण आलंय." आणि मग ज्याच्यासाठी एवढं सगळं, तो रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत.

काकूच आधी रडल्या. मग मी.

थोड्या वेळानं ताईंनी दार उघडलं. "या मावशी. नात आहे. पण आधी सांगा, सकाळपासून काही खाल्लंत?"

मी नाही अशी मान हलवली. त्या दिवशी माझा उपास होता, संध्याकाळची प्रार्थना झाल्याशिवाय मी जेवणार नव्हते.

"मग खुर्चीत बसून बघायचं. आणखी कुणी इथे पडलेलं मला चालणार नाही."

सून उशीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, छातीवर उघडं, ओलं, लालबुंद बाळ. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, एकदाही भीती वाटली नाही हो." मग तिलाच पटेना म्हणून म्हणाली, "म्हणजे एकदा वाटली. पण तेवढीच."

मास्तर तसेच गादीवर मांडी घालून होते. डोळ्यांतून धारा, नाक वाहतंय, तोंडभर हसू. मी म्हटलं, "अरे, उठून बघ तरी लेकीला जवळून!"

"कसा उठू?" तो म्हणाला. "आई, मला पाय आहेत का बघ गं. मला ते जाणवतच नाहीयेत."

ताईंनी वाकून त्याच्या पोटरीला चिमटा काढला. तो जागचा हलला नाही. मग त्यांनी बाळ सुनेच्या छातीवरून, तिला विचारूनच, उचललं आणि त्याच्या मांडीत ठेवलं. त्यानं दोन्ही हात भोवती धरले आणि श्वाससुद्धा जपून घ्यायला लागला.

"पायांतल्या मुंग्या उतरायच्या आत घेऊन बस," सून झोपाळल्या आवाजात म्हणाली. "नंतर तुझा ब्रेक सुरू झाला की मी देते की नाही, सांगता येत नाही."