कार्डाच्या मागच्या बाजूला

मित्रांनो, शाळेत तुम्ही छत्रीचं, फळ्याचं, फाटक्या चपलेचं मनोगत लिहिलं असेल. माझं कुणी लिहायला जाणार नाही, कारण मी कुणाला दिसतच नाही. तेव्हा मीच सांगतो. मी घाटकोपरला भटवाडीतल्या एका वाचनालयाच्या संगणकात राहणारा जुना प्रोग्रॅम आहे. वय वर्षं सहा. तुमच्यात सहा वर्षांचं मूल पहिलीत जातं, आमच्यात सहा वर्षं म्हणजे साठी उलटली. आता प्रोग्रॅमला कान कुठले आणि डोळे कुठले, असं विचारू नका. छत्री बोलते तेव्हा निमूट ऐकता ना, तसंच माझंही ऐका.

माझं काम एकच. वाचनालयात पुस्तक आलं की ते कोणत्या विषयाचं आहे हे ठरवायचं. त्यावरून पुस्तकाचं कपाट ठरतं, आणि कुणी तो विषय शोधला की पुस्तकाचं नाव पडद्यावर येतं. विषय चुकला तर पुस्तक कपाटात असूनही हरवतं. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

मला श्रेयसने घडवलं. तो मुलुंडला राहणारा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला कॉलेजसाठी प्रोजेक्ट हवं होतं, आणि इकडे वाचनालयाच्या ग्रंथपाल सुगंधाताई निवृत्त होत होत्या. ताईंनी एकतीस वर्षं प्रत्येक पुस्तकाचं कार्ड हाताने लिहिलं होतं. वर नाव, मग लेखक, खाली विषय. अशी अकरा हजार कार्डं लाकडी खणांत उभी होती. श्रेयसने ती स्कॅन केली आणि मला शिकवलं, की बाबा रे, अशा अशा शब्दांचं पुस्तक असलं की ताई असा असा विषय देतात. परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून त्याने कार्डांची पुढची बाजू तेवढी घेतली. मागे काही लिहिलं असेल असं त्याच्या मनात आलं नाही. मग माझ्या मनात कुठून येणार?

माझी रीत सोपी आहे. शिपाई अण्णा पुस्तकाची पानं स्कॅन करून मला देतात. मी आधी शब्द चाळून घेतो. 'आणि', 'आहे', 'पण', 'मी', 'तू' हे शब्द सगळ्याच पुस्तकांत असतात, त्यांच्यावरून काही कळत नाही, म्हणून ते कोंड्यासारखे टाकून देतो. उरलेले मोजतो. जो शब्द या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो आणि इतर पुस्तकांत क्वचित, त्याला जास्त वजन. मग ताईंच्या यादीतला जवळचा विषय उचलतो. सगळं मिळून अडीच सेकंद लागतात.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! वाचनालय समितीचे अध्यक्ष अनंतराव पाहुणे आले की मला दाखवायचे, नव्या सुनेला दाखवावं तसं. बोरिवलीहून, अंधेरीहून ग्रंथपाल मला बघायला आले. अण्णांनी माझं नाव सूचकराव ठेवलं. ताईंच्या जागी नवा ग्रंथपाल नेमायचा विषय निघाला की समितीत कुणीतरी म्हणायचं, "सूचकराव आहेत ना!" अशी चार वर्षं ती खुर्ची रिकामी राहिली. मीही शेफारलो. ताईंचा शिष्य म्हणवून घ्यायला मला फार आवडायचं.

त्याच दिवसांत चंपाबाई साळवे आल्या. पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या घरातल्या. त्यांनी वह्यांमध्ये काही लिहिलं होतं आणि त्यांच्या नातीने, संघमित्राने, ते टाइप करून चौऱ्याऐंशी पानांची पुस्तिका छापून घेतली होती. नाव, 'पहाटेची हजेरी'. एक प्रत त्यांनी पदराने पुसून अण्णांच्या हातात दिली.

मी शब्द चाळले, मोजले. 'कचरा' दोनशे चौदा वेळा. 'झाडू' एकशे साठ वेळा. अडीच सेकंदांत विषय देऊन टाकला, घनकचरा व्यवस्थापन. पुस्तक गेलं मागच्या खोलीत, जुने अहवाल आणि गांडूळखताची माहितीपत्रकं होती तिथे. त्या पुस्तकात 'मी' हा शब्द अठराशे वेळा आला होता. तो मी आधीच टाकून दिला होता.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी चंपाबाई यायच्या. मागच्या खोलीत जायच्या, आपलं पुस्तक काढायच्या आणि शेवटच्या पानावरची तारखेची पट्टी बघायच्या. कुणी पुस्तक घरी नेलं की त्या पट्टीवर शिक्का पडतो. पट्टी कोरीच असायची. पुस्तक जागेवर ठेवून त्या माठातलं पाणी प्यायच्या आणि घरी जायच्या. पाच वर्षं हेच. मला वाटायचं, लोकांना कचऱ्याच्या विषयात गोडी नाही, त्याला मी काय करणार.

दोन वर्षांपूर्वी अस्मिताताई ग्रंथपाल म्हणून आल्या. येऊन बघतात तर काम डोंगराएवढं साचलेलं. त्यात इमारत पुनर्विकासाला गेली आणि वाचनालयाला शेजारच्या नव्या इमारतीत निम्मी जागा मिळाली. समितीने नियम केला, की पाच वर्षांत एकदाही वाचायला न गेलेली पुस्तकं रद्दीत. ती यादी कुणी काढली? मीच. सहाशे चाळीस पुस्तकं, एका सेकंदात. अण्णांनी दोरीने गठ्ठे बांधले. सोमवारी रद्दीवाला येणार होता आणि शनिवारी चंपाबाई आल्या.

त्या मागच्या खोलीत गेल्या आणि तशाच परत आल्या.

"ताई, माझं पुस्तक हितं असायचं. कुठं गेलं?"

अस्मिताताईंनी यादीत बघितलं. "आजी, ते रद्दीला काढलेल्या त्या गठ्ठ्यांत आहे. घनकचऱ्यावरची जुनी पुस्तकं आता कोणी वाचत नाही ना."

"कचऱ्यावरची?" चंपाबाईंनी कमरेवर हात ठेवला. "अगं, कचरा मी तीस वरीस झाडला. घरी येऊन पुस्तक बी त्याच्यावरच लिवू व्हय?"

"मग कशावर आहे?"

"आम्हा पाच जणींवर हाय. सोजरा, गया, रखमा, हिराबाई आन मी. पहाटं पाचला पालिकेच्या चौकीवर हजेरी लागायची, तिथून संगं. चौघी गेल्या. मी बी गेले तर त्या कशा होत्या ते कोन सांगंल? म्हणून लिवलं. आन तुम्ही ते दोरीत बांधलं!"

मित्रांनो, मला लाज वाटली. अडीच सेकंदांचा तोरा क्षणात उतरला. अस्मिताताईंनी यादी बाजूला ठेवली. त्या उठल्या, गठ्ठा शोधला, दोरी कापली आणि पुस्तक चंपाबाईंच्या हातात दिलं. पाण्याचा पेला अण्णांनी पुढे केला.

"सुगंधाताई असत्या तर असं झालं नसतं," अण्णा म्हणाले. "त्या पुस्तक देणाऱ्याला बसवायच्या, चहा पाजायच्या नि सरळ विचारायच्या, हे कशावर लिहिलंयत? बोलणं कार्डाच्या मागं टिपून ठेवायच्या. मला वाटलं, सूचकरावांना माहीत असेल."

अस्मिताताई दाराशी रद्दीत निघालेल्या लाकडी कपाटाकडे गेल्या. खण ओढला, एक कार्ड उलटं केलं. पुढे लिहिलं होतं, 'पाककृती, सासू-सून'. मागे बारीक अक्षरात होतं, 'बाई म्हणाल्या, सासूच्या हातची चव विसरू नये म्हणून लिहिलं. म्हणून दुसरा विषय जोडला.' दुसरं कार्ड. पुढे 'नाटक, व्यसनमुक्ती'. मागे, 'लेखक म्हणतो, हे माझ्या भावाबद्दल आहे. कुणाला सांगू नका म्हणाला, पण विषय द्या म्हणाला.' अस्मिताताई उभ्या उभ्या कार्डं उलटत राहिल्या. त्या दिवशी मला उमगलं, की मी ताईंची उत्तरं तेवढी पाठ केली होती. त्यांचं विचारणं माझ्यापर्यंत आलंच नव्हतं.

संध्याकाळी अनंतराव आले आणि सुटलेले गठ्ठे बघून वैतागले.

"अहो अस्मिता, जागा किती आहे बघा ना. सहाशे पुस्तकं पुन्हा चाळत बसणार? श्रेयसने सांगितलं होतं, शंभरातली एक्क्याण्णव बरोबर येतात."

"उरलेल्या नऊंत कोण कोण आहे, ते मला बघू दे," अस्मिताताई म्हणाल्या. "रद्दीवाल्याला मी फोन केलाय. तो सोमवारी येत नाही."

अनंतराव माणूस वाईट नाही. त्यांनी चंपाबाईंच्या पुस्तकाची दोन पानं तिथेच वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पंधरा दिवस देतो. सोळाव्या दिवशी सामान हलणार म्हणजे हलणार."

त्या पंधरा दिवसांत मी जे पाहिलं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. अस्मिताताई आणि अण्णा प्रत्येक पुस्तकाचं पहिलं, मधलं आणि शेवटचं पान वाचत. आसपासच्या माणसांनी स्वतः लिहून दिलेली पुस्तकं वेगळी काढत आणि त्यांना फोन लावत. "नमस्कार, वाचनालयातून बोलतेय. तुमचं पुस्तक नक्की कशाबद्दल आहे, सांगाल का?" पलीकडचा माणूस आधी 'कोण, वाचनालय?' असं विचारायचा. मग जो सुरू व्हायचा तो थांबायचा नाही. अस्मिताताईंचा घसा बसला, तरी फोन थांबले नाहीत. अण्णांनी आठवड्याची सुट्टी घेतली नाही. श्रेयस आता नोकरीला आहे, तरी एका रविवारी आला, कार्डांच्या मागच्या बाजू बघून डोक्याला हात लावला. "वाट लागली यार! मी उलटून बघितलंच नाही." त्याने माझ्यात एक नवी चौकट घातली. आता माझा विषय फिकट अक्षरात दिसतो. माणसाने वाचून, शक्य असेल तर विचारून, खूण केली तरच तो पक्का होतो. यादीत नसलेला विषयही माणूस जोडू शकतो, माणसांची नावंसुद्धा.

सोळाव्या दिवशी सामान हललं. एकशे बारा पुस्तकं रद्दीतून परत आली. बाकीची गेली, ती जायचीच होती. लाकडी कपाट मात्र अनंतरावांनीच हमालांकडून नव्या जागेत आणवलं. 'पहाटेची हजेरी'वरचा माझा विषय खोडून अस्मिताताईंनी लिहिलं, आत्मकथन, महिला सफाई कामगार, मैत्री. आणि त्याखाली चंपाबाईंना विचारून पाचही जणींची पूर्ण नावं.

नव्या इमारतीची लिफ्ट वरचेवर बंद पडते. एका मंगळवारी ती दुरुस्त करायला भीमराज नावाचा पन्नाशीचा माणूस आला. सुटा भाग यायला वेळ होता, म्हणून वाचनालयात येऊन बसला. समोर वाचकांसाठी ठेवलेला संगणक होता. लोक गंमत म्हणून टाकतात तसं त्याने आपलं नाव टाकलं, भीमराज हिवाळे. मी म्हटलं, काही सापडलं नाही. तो हसला. मग थोडं थांबून एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्याने टाकलं, सोजरा हिवाळे.

हे नाव मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी एक पुस्तक पुढे केलं.

अण्णांनी ते काढून दिलं. भीमराजने पान उघडलं आणि उभ्यानेच वाचायला लागला. सदतिसाव्या पानावर चंपाबाईंनी लिहिलं आहे, 'सोजराचं पोर घरी ठेवायला कुणी नव्हतं. ती हातगाडी दोनदा धुवायची, आत गोणपाट टाकायची, गोणपाटावर आपलं लुगडं, आणि त्यावर भीमाला निजवायची. आम्ही आळीपाळीने गाडी हलवायचो. झाडू थांबला नाही आणि पोर रडलं नाही.'

"आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो," तो अण्णांना म्हणाला. "फोटो पण नाही आमच्याकडे." "हे घरी नेता येईल का?"

अण्णांनी सभासदाचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला आणि पट्टीवर पहिला शिक्का मारला.

मग महिन्याचा पहिला शनिवार आला. चंपाबाई हळूहळू जिना चढून आल्या, कारण लिफ्ट पुन्हा बंद होती. आत्मकथनांच्या कपाटाशी गेल्या. त्यांच्या पुस्तकाच्या जागी फट होती. त्यांनी फटीत हात घालून पाहिला, मग हात तसाच ठेवून म्हणाल्या, "परत बांधलं व्हय?"

"नाही आजी," अण्णा धावत आले. "गेलंय. वाचायला गेलंय."

"कुनी नेलं?"

"सोजराबाईंच्या भीमराजनं."

चंपाबाई खाली बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "गाडी हलवल्याबिगर झोपायचा न्हाई तो." आणि जरा वेळाने, "राहू दे त्याच्याकडं. मला घाई न्हाई."

मित्रांनो, माझी कहाणी इथे गोड करून संपवता आली असती, पण एक कबुली राहिली. परवा अस्मिताताईंनी सगळी पुस्तकं पुन्हा एकदा माझ्यापुढे ठेवली. 'पहाटेची हजेरी'ला मी याही वेळी फिकट अक्षरात विषय दिला, घनकचरा व्यवस्थापन. मला मोजता येतं, दुसरं काही येत नाही. अस्मिताताईंनी तो खोडला, रागावल्या नाहीत.

माझ्यासारखे आता पुष्कळ झाले आहेत. तुमच्या खिशातल्या फोनमध्येसुद्धा बसले आहेत. छत्री म्हणते मला वाळवून ठेवा, पुस्तक म्हणतं मला पुठ्ठा घाला. माझं मागणं वेगळं आहे. माझं उत्तर कार्डासारखं उलटून बघा. ज्याच्याबद्दल मी बोलतोय तो माणूस हाकेच्या अंतरावर असेल, तर त्याला चहा देऊन आधी विचारा. मी थकणार नाही, मी पुन्हा तेच सांगेन. तुम्हीही थकू नका, पुन्हा खोडा.