घुबडाच्या माथी

वैष्णवीच्या ओढणीला उंदरांचा वास येतो, ही शालूबाईंची रोजची तक्रार होती. लेक अमडापूरच्या कॉलेजात अकरावी सायन्सला. घरी आल्यावर पोरीनं पुस्तक उघडावं, नाहीतर चार भाकरी टाकाव्यात. पण ही दप्तर ठेवून निघायची ती थेट गावाबाहेरच्या बंद पडलेल्या गोदामात. तिथं घुबडांची जोडी राहत होती.

"घुबडं पाहून कोनी डॉक्टर झालं का वं?" शालूबाई विचारायच्या.

हा नाद पुष्पांजली मॅडमनी लावला होता. जीवशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंनी वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "फळ्यावरचा प्राणी परीक्षेपुरता असतो. तुमच्या गावातला एक जिवंत प्राणी निवडा आणि वर्षभर त्याच्याकडे नीट पाहा." बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं. वैष्णवीनं मनावर घेतलं.

घुबड अख्खा उंदीर गिळतं आणि न पचलेले केस आणि हाडं गोळा करून ओकून टाकतं, हे ती तिथंच शिकली. ते काळपट गोळे ती पाण्यात भिजवायची, सुईनं अलगद सोडवायची आणि आतल्या इवल्याशा कवट्या कागदावर मांडायची. सोबतीला असायची तिची वहिनी, रेणुका. भागवतदादाचं लग्न होऊन वर्ष झालेलं, रेणुकाला सातवा महिना. चालणं चांगलं म्हणून ती नणंदेबरोबर यायची आणि तिच्याहून जास्त रमायची.

"एकाच गोळ्यात तीन उंदरं!" ती एकदा चकित होऊन म्हणाली. "म्हंजे हे तं आपल्या वावराची राखन करून राह्यले, वैशूबाई. अन् लोक यायले अपशकुनी म्हनतात?"

"तुम्ही सायन्स काऊन नाई घेतलं, वहिनी? तुमचं डोकं माह्याहून चांगलं चालते."

"घ्याचं होतं. दहावी झाली अन् बाबांनी शाळा सोडवली, मंग अठरा लागताच लगन जमवलं." रेणुकानं पोटावरून हात फिरवला. "आता हे जे काई होईल ना, त्याले मी शिकवीन. पोरगी असली तरी शिकवीन."

दिवाळीच्या आधी गोदामात तीन पिल्लं निघाली. पांढऱ्या कापसाच्या गोळ्यांसारखी. त्या दिवशी दोघी भिंतीआड दबा धरून कितीतरी वेळ बसून होत्या.

पुढं आठवा महिना लागला आणि रेणुकाचे पाय सुजले. मग चेहरा सुजला. बांगड्या हातात रुतायला लागल्या. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, असं ती सांगायची. वैष्णवीनं रक्तदाबाचा धडा नुकताच वाचला होता. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"आई, वहिनीचा बीपी तपासाले लागते. सरकारी दवाखान्याची आशाताई बी दोनदा येऊन सांगून गेली."

"पोटुशीचे पाय सुजतातच!" शालूबाई म्हणाल्या. "माह्ये बी सुजले होते. सोयाबीन काढनीले आली, मजूर भेटून नाई राह्यले, अन् दवाखान्यात दिवस कोन घालवीन? डोक्याले ओवा बांध म्हना तिले."

"पन आई, पुस्तकात—"

"पुस्तक कॉलेजात ठेवत जाय! दोन बुकं शिकली तं आईले शिकवाले लागली."

वैष्णवीनं पुस्तक मिटलं. घरोघरी पोरी अशीच पुस्तकं मिटतात.

दोन दिवसांनी तिन्हीसांजेला एक घुबड त्यांच्या माळवदावर येऊन बसलं आणि चिरक्या आवाजात ओरडलं. शालूबाईंनी घाबरून देवापुढं दिवा लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेणुका अंगणात धान्य पाखडता पाखडता कोसळली. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. सासरे उकंडराव गाडी आणायला धावले. बुलढाण्याला पोचेपर्यंत वाटेत तिला आणखी एकदा झटके आले.

रेणुका वाचली. पोटातली मुलगी वाचली नाही.

डॉक्टरांनी भागवतला एवढंच विचारलं, "बीपी शेवटचा कधी तपासला होता?" फडक्यात गुंडाळलेली लेक मांडीवर घेऊन तो गावी परतला. मूठमाती देऊन आला तेव्हा दारात आई ऊर बडवत होती, "त्या घुबडानं नेली माही नात! घरावर येऊन ओरडलं मेलं! अन् ही पोट्टी पोटुशीले घेऊन त्याच्याच दारात बसत होती!"

भागवतनं काठी उचलली.

वैष्णवी त्याच्यामागं अनवाणी धावली. "दादा, नको! दादा, पिल्लं हायत आत!" ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. एक मोठं घुबड पंख पसरून जमिनीवर पडलं होतं. दुसरं उडून गेलं होतं. अंगावर नुकतीच पिसं फुटू लागलेली पिल्लं भिंतीशी चिरडली होती. एकाची चोच अजून हलत होती. वैष्णवीनं ते तळहातावर घेतलं, आणि ती पाहत असतानाच चोच थांबली.

भागवत भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होता. काठी हातात तशीच होती. भावाला काही बोलावं असं तिला वाटलं, पण कोणासाठी रडावं हेच तिला कळेना. त्या मुलीसाठी, की या पिल्लांसाठी, की या वेड्या बापासाठी?

रेणुका घरी आल्यावर पुष्पांजली मॅडम भेटायला आल्या. शालूबाईंनी पाणी दिलं, पण राग गिळला नाही.

"मॅडम, तुमच्यापायी झालं हे. तुम्हीच पोरीले घुबडाचा नाद लावला."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमचं दुःख मोठं आहे, शालूताई. मला बोला, मी ऐकून घेईन. पण घुबड उंदराच्या मागावर येतं, आणि धान्य घरात आलं की उंदीर घरात येतात. ते कोणाचा जीव न्यायला येत नाही. झटके आले ते रक्तदाबानं. हाताला पट्टा बांधून तपासला असता तर कळलं असतं. घुबडाला दोषी धरलं की आपली मोठी सोय होते, ताई. मग आपल्याला स्वतःला काही विचारावं लागत नाही."

"आमच्या टायमाले कुठी होते बीपीचे पट्टे? आमचे लेकरं नाई झाले का?"

"झाली. आणि किती गेली, तेही आठवून पाहा."

शालूबाईंचा चेहरा उतरला. त्यांची स्वतःची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती. तेव्हा गावानं वडाखालच्या भुताचं नाव घेतलं होतं.

तेवढ्यात खाटेवरून रेणुकाचा आवाज आला.

"आई, माही पोरगी घुबडानं नाई नेली." "डोकं दुखते, मी म्हनलं होतं. डोळ्यापुढी चमकते, मी म्हनलं होतं. वैशूबाईनं सांगतलं, आशाताईनं सांगतलं. कोनी ऐकलं नाई. अन् त्या घुबडायचे लेकरं काऊन मारले, आई? त्यायनं काय केलं होतं?"

दारात उभ्या भागवतनं मान खाली घातली. शालूबाई खाटेपाशी गेल्या आणि सुनेच्या पायांवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडल्या. "ओवा बांध म्हनलं मी तुले! मीच म्हनलं, बापा! माह्या हातानं घालवली मी माही नात!"

रेणुकानं त्यांना उठवलं नाही. तेवढं बळ तिच्या अंगात नव्हतं, आणि मनातही नव्हतं.

त्यानंतर शालूबाई बदलल्या. शेजारच्या छकुलीला दिवस गेले, तेव्हा तिच्या सासूशी भांडून त्या स्वतः तिला तपासणीला घेऊन गेल्या. महिला बचत गटात सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी आपली चूक सांगितली. भागवत आता शेतात कोणाला घुबडाच्या वाटेला जाऊ देत नाही. पण या सगळ्यानं मूठमाती दिलेली लेक परत येत नाही. गोदामातही पुन्हा घुबड आलं नाही. वैष्णवी अजून त्या बाजूनं जाणं टाळते.

वाचकहो, आपण पोरींना विज्ञान शिकवतो ते मार्कांसाठी, आणि घरात त्या तेच विज्ञान बोलल्या तर त्यांना उद्धट ठरवतो. मुक्या पाखरावर आळ घेणं सोपं असतं, घरातल्या बाईचं दुखणं ऐकून घेणं जड जातं. तुमच्या घरातली लेक उद्या म्हणाली, "आई, हे तपासून घेऊ या," तर सोयाबीन एक दिवस वावरात राहू द्या. आधी तिचं ऐका. ऐकलं असतं तर रेणुकाची मुलगी आज रांगत असती.