सहा तारखेची खीर

मोटारसायकलचा हॉर्न पार गिरणीच्या वळणापासून वाजत येत होता. एकदा नाही, दोनदा नाही, पठ्ठ्यानं बटणावरचा अंगठा काढलाच नाही. तेक्ला बीटाच्या सारात मीठ घालत होती. होणारा जावई एरवी असा बोंबलत येणारा मुलगा नव्हे, मग आज याला झालं काय, असं ती म्हणतेय तोवर नास्त्का खिडकीतून किंचाळली, "आई, विटेक एकटा नाहीये! साइडकारमध्ये त्याची आई आहे!"

तेक्लाच्या तोंडचं पाणी पळालं.

टेबलावर सगळं मांडून झालं होतं. पांढऱ्या चादरीखाली गवत, पावात खोचलेली मेणबत्ती, बिनमांसाचे बारा पदार्थ आणि मधोमध मातीच्या कुंड्यात गव्हाची खीर. बिनदुधाची. खसखस, मध, अक्रोड. कुणी आंधळा आला असता तरी त्याला वासावरून कळलं असतं की या घरात आज नाताळची आदली संध्याकाळ आहे. आणि तारीख होती सहा जानेवारी. ज्यांचा नाताळ चोवीस डिसेंबरच्या रात्री होऊन गेला ते पोलिश. ज्यांचा जुन्या कॅलेंडरप्रमाणं आज, ते युक्रेनी. त्या सालात, म्हणजे चौसष्टमध्ये, असं काही कुणी दारावर पाटी लावून सांगत नव्हतं.

तेक्ला आणि तिचा नवरा इल्को यांचं मूळ गाव डोंगरात, दूर आग्नेयेला. सत्तेचाळीस साली पोलिश सैनिक आले, सामान बांधायला दोन तास दिले आणि अख्खं गाव आगगाडीच्या गुरांच्या डब्यांत भरून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकडं, आणून टाकलं. तेही एकत्र नाही. इथं दोन घरं, तिथं तीन. त्यांचं वोइतोविच हे आडनाव पोलिश-युक्रेनी दोन्हीकडं चालतं, तेवढं एक देवानं बरं केलं होतं. सतरा वर्षं तेक्ला दोन-दोन नाताळ करत आली. डिसेंबरचा लोकांसाठी, जानेवारीचा घरच्यांसाठी. विटेकला नास्त्कानं कधीच सांगून टाकलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. प्रश्न त्याच्या आईचा होता.

सालोमेआ बुझिन्स्का ही विधवा बाई बारा किलोमीटरवरच्या गावात राहायची. तीही पूर्वेकडूनच आलेली, तार्नोपोलच्या बाजूनं. पण ती पोलिश. आणि तिच्या सख्ख्या भावाला तिकडं युक्रेनी टोळीनं मारलं होतं. ऑक्टोबरात साखरपुडा झाला तेव्हा दोन पेले पोटात गेल्यावर ती तेक्लाचा हात धरून म्हणाली होती, "हुंडा नको, गाय नको. मुलगी आपल्यातली आहे, मला तेवढं बास." त्या दिवसापासून तेक्लाच्या छातीत ते वाक्य अडकून बसलं होतं. लग्न फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. तोवर तोंड मिटून काढलं की झालं, असं ती रोज स्वतःला सांगायची. म्हणजे आता बघा, चार आठवडे उरले असताना ही बया दारात!

"इल्को, पेंढी उचल! गोठ्यात टाक!" इल्को कोपऱ्यात सणासाठी उभी केलेली गव्हाची पेंढी छातीशी धरून मागच्या दारानं पळाला, बिनटोपीचा. नास्त्कानं बशा कपाटात कोंबल्या, भरलेली कोबीची पानं तर झाकणासकट कोळशाच्या बादलीमागं गेली. चादर ओढली तसं गवत जमिनीवर सांडलं. तेक्लानं ते पायानं पलंगाखाली ढकललं आणि खिरीचा कुंडा उचलून गरगर फिरली. कपाट भरलेलं. भट्टी तापलेली. शेवटी तिनं तो सरळ पलंगावर पिसांच्या दुलईखाली सारला आणि वरून उशी ठेवली.

"विहीणबाई, आहात का घरात?"

सालोमेआ आत आली ती दोन शाली, विटेकचा जुना कोट आणि डोक्याला बांधलेला पंचा अशा थाटात. गाल लाल, नाकाला थेंब. मागं विटेक, चेहरा पार उतरलेला. त्यानं नास्त्काकडं बघून खांदे उडवले, मी काय करणार म्हणून.

"आज तीन राजांचा सण ना. चर्चमधून खडू आणलाय, पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेला. म्हटलं, होणाऱ्या सुनेच्या दारावर माझ्या हातानं तिन्ही राजांची आद्याक्षरं काढून द्यावीत." तिनं रुमालातून खडू काढला. "हा गाढव म्हणतो, आज नको, उद्या जाऊ. उद्या काय? सण आज, आणि जायचं उद्या? आणि वाटभर काय तो हॉर्न! माझे कान गेले."

"बसा ना," तेक्ला म्हणाली आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की चारही खुर्च्यांवर घाईत ठेवलेली भांडी आहेत.

सालोमेआ पलंगावर बसली.

बसली आणि उठली. "अगंबाई! हे काय? पलंगावर काय कोंबडी बसवलीय अंड्यांवर?" तेक्ला पुढं होईपर्यंत तिनं उशी बाजूला केली, दुलई वर केली. नशीब, कुंडा फुटला नव्हता. खीर जराशी एका बाजूला कलली होती, एवढंच.

नास्त्कानं डोळे मिटून घेतले.

"गहू," सालोमेआ म्हणाली.

"कोंबड्यांना उकडलाय," तेक्ला म्हणाली. तिला स्वतःलाच कळेना हे कुठून सुचलं. "थंडीत अंडी देईनात, म्हणून."

"मध घालून?"

"थोडासा."

"आणि अक्रोड? तुमच्या कोंबड्यांना दात आहेत होय?" सालोमेआनं नाक खाली नेलं, लांब श्वास घेतला आणि उजव्या हाताचं एक बोट वाकवून सरळ कुंड्यात घालायला गेली.

आणि तेक्लानं तिच्या हातावर फटका मारला. चांगला सणसणीत. "तारा दिसल्याशिवाय नाही!"

तोंडातून गेलं ते गेलंच. सतरा वर्षं जपलेलं गुपित, चार आठवडे उरले असताना, आणि स्वतःच्याच हातानं! तिची आई तिला असं मारायची, तीही नास्त्काला लहानपणापासून असंच मारत आली. नाताळच्या संध्याकाळी, पहिला तारा दिसण्याआधी, त्या कुंड्याकडं बोट गेलं की फटका, यात विचार करायचा कुठं? हात आपोआप चालतो. इल्को मागच्या दारात उभा होता, केसांत गवताच्या काड्या. त्यानं हळूच क्रूसाची खूण केली.

सालोमेआ आपल्या हाताकडं बघत होती. मग खाली बसली, या वेळी कुंडा मांडीवर घेऊन.

"माझी आई लाकडी चमचा मारायची," ती म्हणाली. "बोटांच्या सांध्यांवर. हेच शब्द म्हणत." मग कुंड्यात डोकावून म्हणाली, "खसखस कितीदा वाटली?"

"तीनदा," तेक्ला म्हणाली.

"तीनदा बरोबर. अक्रोड भाजलेत का कच्चे?"

"भाजलेत."

"चूक. कच्चे घालायचे, भाजले की मधाची चव मारतात. पण असो." आणि मग ती बाई रडायलाच लागली. नाक पंच्याला पुसत, कुंडा घट्ट धरून. "आम्ही पोलिश, पण तार्नोपोलकडं खीर प्रत्येक घरात. तिच्याशिवाय नाताळ कसला? इथं आलो, पहिल्या वर्षी केली. माझा नवरा पश्चिमेचा, पोझनानकडचा. म्हणाला, गहू आमच्याकडं कोंबड्यांना घालतात. त्याची बहीण हसली, शेजारीण हसली. मी पुन्हा केली नाही. अठरा वर्षं! आणि तू पण कोंबड्याच म्हणालीस. दुसरं काही सुचलं नाही तुला?"

तेक्ला तिच्या शेजारी पलंगावर टेकली आणि सगळं सांगून मोकळी झाली. "विहीणबाई, आम्ही तुमच्यातले नाही हो. आमचा नाताळ आज असतो. तुमच्या भावाचं माहीत होतं, म्हणून बोलले नाही. तुम्ही लग्न मोडाल म्हणून."

सालोमेआनं पंच्यानं डोळे पुसले.

"काझिकला मारणाऱ्यांची नावं मला माहीत आहेत," ती म्हणाली. "त्यांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, ते तू मला सांगूही नकोस. पण ते तू नव्हेस, एवढं कळायला मला काय चष्मा लागतो?" तेक्लाकडंही सत्तेचाळीस सालाबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिनं ते आज गिळलं. "मला राग कशाचा येतोय सांगू? बारा किलोमीटर! बारा किलोमीटरवर तू दरवर्षी ही खीर करतेस आणि मी तिकडं बटाटे खात बसते! लपवायची होती तर निदान वास तरी वाऱ्यावर सोडायचास."

"मग लग्न?" नास्त्कानं विचारलं. इतका वेळ ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

"लग्नाला काय झालं? होणार की. आणि चोवीसला दोघं माझ्याकडं, सहाला इथं. सहाला मीही इथं. बोलावणं पाठवू नका, मी येणारच."

तेक्लाचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, कारण तिनं कुंड्यावर डोकं टेकलं आणि हसू आणि रडू दोन्ही एकदमच बाहेर आलं. इतकं हलकं तिला नास्त्का जन्मली त्या दिवसानंतर वाटलं नव्हतं. विटेकही मोकळा झाला आणि मोकळेपणाच्या भरात बोलून बसला, "आई, बिनभाजलेल्या अक्रोडांची जास्त चांगली लागेल, हो. मागच्या वर्षी मी दोन वाट्या खाल्ल्या, जरा कडवट होती."

"मागच्या वर्षी?" सालोमेआ म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

विटेक भांडी उचलायला पळाला.

सगळं पुन्हा मांडलं. पेंढी गोठ्यातून परत आली, गाईनं तिची एक बाजू खाल्ली होती. इल्को बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, गोठ्याच्या छपरावर तारा दिसतोय. पहिला चमचा घेण्याआधी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची, ते काम घरधन्याचं. इल्को उभा राहिला. आई मरीना. वडील वासिल. डब्यात वाटेतच गेलेली धाकटी बहीण होल्का. तेक्लाचे आईवडील. यादी संपली तसा तो थांबला आणि सालोमेआकडं वळला.

तिला कळलं.

"काझिक," ती म्हणाली. "काझिमिएझ. एकवीस वर्षांचा होता."

इल्कोनं ते नाव आपल्या प्रार्थनेत, आपल्या भाषेत, बहिणीच्या नावाला लागूनच घेतलं. मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल असं. तेक्लानं खिरीचा पहिला चमचा भरला आणि विहिणीच्या हातात दिला.