धरमसिंग नाईकाचा हुक्का

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर ओळखणार नाही. काळी पडलेली नारळाची कवटी, तिच्या डोक्यात रोवलेली एक लाकडी नळी आणि बाजूला ओढायचं भोक, एवढंच काय ते उरलं आहे. पण मी मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यातला म्हातारा हुक्का आहे, आणि एके काळी माझ्यावाचून त्या तांड्याचं पान हलत नव्हतं.

माझा जन्म कारंज्याच्या बाजारातला. तिथल्या एका खराद्यानं चांगला मोठा नारळ निवडला, आतलं खोबरं कोरून आपल्या लेकरांना खायला दिलं आणि कवटी तेलानं घासून अशी केली की तिच्यात तोंड दिसावं. मग शिसवीची नळी खरादावर काढून माझ्यात बसवली. डोक्यावर कुंभाराकडची मातीची चिलीम आली. पोटात पाणी आणि डोक्यावर विस्तव, असा माझा संसार सुरू झाला. रामसिंग नाईकानं मला तांड्यात आणलं तेव्हा त्याचा मुलगा धरमसिंग एवढासा होता. मी पहिल्यांदा गुडगुडलो तसा तो आईच्या ओढणीत शिरला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

तांड्याचा कारभार नाईक पाहतो. भांडणतंटा झाला की त्याच्या दारातल्या लिंबाखाली पंचायत बसते, तिला नसाब म्हणतात. नसाबात बोलणारे पुष्कळ असत, पण शेवटचा शब्द माझा. भांडणारे दोघे माझ्यातून आळीपाळीनं ओढत नाहीत तोवर भांडण मिटलं असं कुणी मानत नसे. एकदा ओढलं की एकमेकांपासून काही लपवायचं नाही, एकमेकांचं वाईट चिंतायचं नाही. पाहुण्यालाही हाच नियम होता. चैत्रात पोहरादेवीच्या यात्रेला जाणारी माणसं तांड्यात टेकत. ज्यानं हुक्का घेतला तो आपला झाला. बाबूसिंग आणि मोहनसिंग हे सख्खे भाऊ एका गाईपायी तीन वर्षं बोलत नव्हते. माझे दोन झुरके घेतले आणि दोघंही रडले. त्या दिवशी मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

रामसिंगामागून धरमसिंग नाईक झाला. उंच, पिळदार मिशांचा, शब्दाला पक्का माणूस. त्याची बायको मोतीबाई. तिच्याइतकं मला कुणीच ओळखलं नाही. रोज सकाळी ती माझं शिळं पाणी ओतून देई, नळीतून चिंधी फिरवी, ताजं पाणी भरी आणि कानाशी धरून हलवून पाही. त्यांचा मुलगा देवला तान्हा असताना काही केल्या झोपत नसे. मग ती धरमसिंगाला म्हणायची, जरा ओढा, आवाज होऊ द्या. माझ्या गुडगुडीवर ते लेकरू झोपी जायचं. धूर त्याच्या पाळण्यावरून जात होता, हे तेव्हा ना तिच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

तंबाखू घरचीच. नाल्याकाठी खारवट मातीचा एक तुकडा होता, त्यात धरमसिंग रोपं लावी, शेंडे खुडी, पानं वाळवून जुड्या बांधी आणि घरातल्या कणगीत भरून ठेवी. अख्ख्या तांड्याला वर्षभर पुरायची. त्या मातीमुळे पानाला एक तिखट, जराशी खारट चव होती. दुसरीकडची तंबाखू त्याला चालत नसे.

मग खोकला आला. आधी पहाटे, मग दिवसाही. मी त्याच्या छातीत किती वर्षं उतरत होतो, मित्रांनो, आणि आत काय करून येत होतो ते मला कधी दिसलंच नाही. मोतीबाईला मात्र दिसलं. एकदा तिनं माझं शिळं पाणी भोपळ्याच्या वेलावर ओतलं. वेलावर मावा पडला होता. दुसऱ्या दिवशी किडे मरून खाली पडलेले. ती किती तरी वेळ तिथे उकिडवी बसून राहिली. मग आत येऊन तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे पाहावं.

त्या दिवसापासून ती चिलमीत तंबाखू कमी भरू लागली. चिमूटभर पान आणि वर गुळाचा खडा. आठवडाभर धरमसिंगानं तेच ओढलं. मग एकदा त्यानं चिलीम उलटी करून पाहिली. तांड्याची बोली वेगळी आहे, पण तुम्हाला कळेल अशा बोलीत सांगायचं झालं तर तो म्हणाला,

"देवलाची याडी, गूळ भरून राह्यली का तंबाखू?"

याडी म्हणजे आई. ती म्हणाली, "तुमचा खोकला भरून राह्यली."

तो हसला, हसता हसता खोकला, आणि जुडी काढून स्वतःच्या हातानं चिलीम भरू लागला. माझी छाती, माझा धूर, तुले काय त्याचं, असं म्हणाला. रागानं नाही. पण तिच्या हातून चिलीम गेली ती गेलीच.

जगात दुसरी मोठी लढाई चालू होती ती वर्षं. कपडा मिळेना, रॉकेल मिळेना. एक दिवस कोतवाल दवंडी देत तांड्यावर आला. ज्यानं तंबाखू लावली असेल त्यानं सरकारात लिहून द्यावी, कर भरावा, परवान्यावाचून साठा करू नये, विकू नये. देवला आता मोठा झाला होता, कारंज्याच्या कापसाच्या जिनिंगात कामाला जात होता, त्यानं तिथे हे आधीच ऐकलेलं. त्यानं बापाला समजावलं की घरापुरती थोडी ठेवता येते, पण आपली कणगी आहे अख्ख्या तांड्याची. लिहून देऊन टाकू.

धरमसिंग लिंबाखाली बसला होता. मी त्याच्या हातात होतो.

"जमीन माही, पान माहं, तोंड माहं," तो म्हणाला. "उद्या म्हनतीन, श्वास किती घेतला तेबी लिहून दे. कोनाले इकत नाई मी. काहून सांगू?"

"कायदा हाय, बा."

"मंग कायद्याले म्हना, ये, बस, दोन झुरके घे. मंग सांगतो."

बसलेले सगळे हसले. देवला उठून गेला.

मोतीबाई दाराआडून ऐकत होती. आणि तिथेच, मित्रांनो, तिच्या मनानं एक गाठ चुकीची बांधली. कर, परवाना यातलं तिला काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की सरकार तंबाखूच्या मागे लागलं आहे. तिनं विचार केला, इतक्या मोठ्या सरकारलाही ते पाणी कुणीतरी दाखवलं असेल. किडे मेलेले त्यांनीही पाहिले असतील. म्हणून ते पान गोळा करून जाळणार आहेत. मला घासताना ती हे पुटपुटे, आणि तिच्या हाताला कितीतरी दिवसांनी हलकेपणा आलेला मला जाणवे.

माघात तंबाखूच्या कराचा साहेब आला. खाकी कपडे, पायांत बूट, सोबत पुंजाजी नावाचा शिपाई. उन्हातून घोड्यावर आलेला तो माणूस थकून गेला होता. धरमसिंगानं बाज टाकली, पाणी दिलं आणि रिवाजाप्रमाणे मला पुढे केलं. साहेबानं आधी नको म्हटलं. मग घेतलं. एक झुरका, दुसरा, तिसरा. डोळे मिटून म्हणाला, नाईक, असं पान मी आजवर ओढलं नाही. कुठलं आहे?

इथे तांड्याबाहेरचा कुणीही माणूस गप्प बसला असता किंवा खोटं बोलला असता. धरमसिंगाला ते जमणारं नव्हतं. हुक्का घेतलेल्या माणसापासून लपवायचं नाही, हे त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. तो उठला आणि साहेबाला म्हणाला, या, दाखवतो.

मोतीबाई कणगीपाशीच उभी होती. पुंजाजीनं तिच्याकडे पाहून हलकेच मान हलवली, बाई, थांबवा याला, अशी. गरिबाला गरिबाची कीव. तिनं नुसतं खाकरलं असतं तरी धरमसिंग थांबला असता. कणगीसमोरून हलली नसती तरी पुरे होतं. ती बाजूला झाली. झाकण निघालं, तिखट वास घरभर पसरला, आणि साहेबानं खिशातून जप्तीचा कागद काढला.

धरमसिंगानं तो कागद उलटसुलट करून पाहिला. साहेबाचा आवाज उतरला होता. माझी नोकरी आहे, नाईक, एवढंच तो म्हणाला. जुड्या बैलगाडीत भरल्या, वर लाखेचं सील झालं.

कचेरीत मला नेलं नव्हतं. तिथलं देवलानं घरी येऊन सांगितलं. मॅजिस्ट्रेटनं बापाला विचारलं, काही म्हणायचं आहे का? तर तो म्हणाला, "यानं माह्या हुक्क्यातून ओढली हाय, साहेब. हा माह्यावर खटला कसा करन?" लोक हसले. दंड झाला. देवला गाय विकायला निघाला होता, पण धरमसिंगानं हात जोडून त्याला अडवलं. दंड भरला म्हणजे चोर ठरलो, म्हणाला. त्यापेक्षा तुरुंग बरा. दोन महिने.

ते दोन महिने मी खुंटीला टांगलेला होतो. मोतीबाई मला हात लावत नसे. पण शेजारणींना सांगे की तिथे तरी त्यांना ओढायला मिळत नसेल, खोकला बसेल, माणूस बरा होऊन येईल. तंबाखू गेली, आता माणूस राहील. हे ती इतक्यांदा म्हणाली की मलाही खरं वाटू लागलं.

तो वैशाखात परत आला तो देवलाच्या खांद्यावर हात टाकून. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. खोकला बसला नव्हता. इतक्या वर्षांचा धूर दोन महिन्यांत कुठे जायचा? थुंकीत रक्त येत होतं. वैद्यानं नाडी धरली, आणि बाहेर येऊन देवलाशी बोलला तो पुन्हा आत आलाच नाही.

ज्येष्ठ लागला तेव्हा धरमसिंगानं हुक्का मागितला. मोतीबाई नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा मागितला, तेव्हा त्याच्या आवाजात हुकूम नव्हता, लेकरासारखी मागणी होती. आता कुणासाठी वाचवायचं, असं तिच्या मनात आलं असावं. तिनं देवलाला मानोऱ्याला पाठवलं. त्यानं परवानावाल्या दुकानातून कागदात बांधलेली तंबाखू आणली. तिनं मला काढलं, धुतलं, पाणी भरलं. अर्धं पाणी तिच्याच घागऱ्यावर सांडलं.

धरमसिंगानं एकच झुरका घेतला, तोही अर्धा. धूर तोंडात घोळवून त्यानं बाहेर सोडला.

"हे आपल्या नाल्यावरचं पान हाय," तो म्हणाला.

देवलानं मान खाली घातली. दुकानदारानं सरकारी लिलावात माल घेतला होता, हे त्याला बाजारातच कळलं होतं.

"चांगलं जपलं सरकारनं," धरमसिंग म्हणाला. "एक पत्ती सडू देल्ली नाई."

मोतीबाईनं आधी देवलाकडे पाहिलं, मग चिलमीकडे. "जाळलं नाई?" तिनं विचारलं. लिलावात विकलं, देवला म्हणाला. मग ती बाजेपाशी खाली बसली आणि सगळं बोलली. भोपळ्याचे किडे, पुंजाजीची मान, कणगीपुढून आपण बाजूला कशा झालो ते. मले वाटलं पान जाईन अन् तुमी राह्यसान, म्हणाली.

धरमसिंगानं मला खाली ठेवलं.  मग म्हणाला, "मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं. तुमी हसले."

 त्यानं तिचा हात शोधला आणि धरून ठेवला. चिलमीतला विस्तव आपोआप विझला. चौथ्या दिवशी तो गेला.

नवा नाईक मोहनसिंग झाला. तो मला न्यायला आला तेव्हा मोतीबाईनं दिलं नाही. तिनं चिलीम फोडली आणि मला माळ्यावर टाकलं. नसाबाचं काय, असं लोकांनी विचारलं, तर तिनं पाण्यानं भरलेला पितळी लोटा बाहेर आणून ठेवला. म्हातारे कुरकुरले. पण भांडणारे त्यातलं पाणी पिऊ लागले, आणि भांडणं मिटायची तशी मिटतात, राहायची तशी राहतात.

आता माझ्या अंगावर उंदरांनी दात मारले आहेत. जुन्या वस्तू तुम्हाला म्हणत असतील, आम्हाला जपा. मी कोणत्या तोंडानं म्हणू? सरकारनं माझं पान तोललं, धरमसिंगानं आपला हक्क सांगितला, दोघंही आपापल्या जागी अडून बसले, आणि तो खोकला मधल्या मध्ये एकट्या मोतीबाईच्या वाट्याला आला. म्हणून एवढंच मागतो. घरात कुणी खोकत असेल आणि कुणी हळूच म्हणत असेल की पुरे करा, तर बाळांनो, त्यावर हसू नका. आणि तुम्हीच म्हणणारे असाल, तर एकदा हसण्यावारी गेलं म्हणून गप्प बसू नका. पुन्हा म्हणा. मोतीबाई दुसऱ्यांदा म्हणाली नाही. तिच्याच माळ्यावर मी पडलो आहे, आणि दुपारी घर रिकामं असलं की ती ते दुसऱ्यांदाचं 'पुरे करा' म्हणते. ऐकायला आता मीच असतो.